दूरस्थ चाचणी आणि घरचा परिवेश

'शिक्षा' हा शब्द इंदूरच्या एखाद्या मराठी घरात उच्चारला गेला, तर मुलाच्या छातीत धस्स होते. तोच शब्द घराबाहेरच्या पाटीवर असला, तर तेथे शाळा असते. 'संशोधन' म्हणजे मराठीत नव्या ज्ञानाचा शोध, हिंदीत विधेयकातील दुरुस्ती. 'चेष्टा' म्हणजे आपल्याकडे थट्टा आणि शेजाऱ्यांकडे प्रयत्न. 'राजीनामा' मराठी माणूस नोकरी सोडताना देतो, हिंदी भाषक तंटा मिटवताना करतो. अक्षरे तीच, उच्चारही जवळजवळ तोच. परंतु अर्थ केवळ अक्षरांत नाही. तो शब्द ज्या परिवेशात वाचला जातो, त्या परिवेशाकडून त्याला अर्थाचा काही भाग मिळत असतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्यांना हे कोणी निराळे शिकवावे लागत नाही.

या व्याख्यानमालेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. परंतु या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज ज्या व्यवसायात आहेत, त्या व्यवसायातला एक नित्याचा प्रश्न मला शब्दार्थविचाराच्या अंगणातलाच वाटतो. प्रश्न असा : एखाद्या आज्ञावलीची चाचणी आपल्या समोरच्या संगणकावर न घेता दूरच्या संगणकावर घ्यायची असेल, तर आपल्याकडचा परिवेश तिच्याबरोबर तिकडे कसा पाठवावा, आणि किती पाठवावा? एक मराठी शब्दसूची तयार करणाऱ्या लहानशा गटाशी माझा संबंध आला, त्या निमित्ताने हा प्रश्न मी जवळून पाहिला.

आधी शब्द निश्चित करू. संगणकाचे लोक ज्याला 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात, त्याला मी येथे 'परिवेशचल' म्हणतो. 'व्हेरिएबल'साठी 'चल' ही संज्ञा आपल्या गणिताच्या पुस्तकांत रुळलेली आहेच. 'पर्यावरण' हा शब्द मी मुद्दाम टाळला. त्याने झाडे आणि धूर डोळ्यांसमोर येतात. परिवेशचल ही वस्तू अगदी साधी आहे. डावीकडे एक नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे एक मूल्य. 'लँग' या नावापुढे भाषेचे मूल्य, 'टीझेड' या नावापुढे कालविभागाचे, 'होम' या नावापुढे वापरणाऱ्याच्या घरच्या कप्प्याचे, 'पाथ' या नावापुढे आज्ञावल्या कोठे कोठे शोधाव्यात त्या जागांचे. मूल्य कसलेही असो, यंत्राच्या लेखी ती केवळ अक्षरांची ओळ असते.

ही सोय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, आजच्या रूपात आली. तिच्यामागची कल्पना वारशाची आहे. युनिक्समध्ये एक चालती आज्ञावली दुसरीला जन्म देते, आणि रूढ परिभाषेतही त्यांना पालक आणि अपत्य असेच म्हणतात. अपत्य जन्मते तेव्हा पालकाजवळच्या सर्व परिवेशचलांची एक प्रत त्याला मिळते. प्रत, मूळ नव्हे! अपत्याने तिच्यात कितीही खाडाखोड केली, तरी पालकाकडचे मूळ जसेच्या तसे राहते. आणि पालकाने नंतर आपली मूल्ये बदलली, तरी जन्मलेल्या अपत्यापर्यंत तो बदल पोहोचत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या चालीरीती आपण ज्या वयात घराबाहेर पडलो त्या वयापर्यंतच्याच आपल्याजवळ राहतात, तसे काहीसे.

या वारशाची एक मर्यादा मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे. तो एका यंत्राच्या चार भिंतींतच चालतो. दूरच्या यंत्रावर जी आज्ञावली सुरू होते तिचा पालक त्या यंत्रावर असतो, आपल्या यंत्रावर नव्हे. तारेतून आपण आज्ञा पाठवतो, माहिती पाठवतो. पण परिवेश आपोआप जात नाही.

आता चाचणीकडे वळू. आज्ञावली लिहिणारा तिच्याबरोबर तिची परीक्षा घेणाऱ्या छोट्या आज्ञावल्याही लिहितो : अमुक दिले असता तमुक आले पाहिजे. लहान कामाच्या चाचण्या समोरच्या यंत्रावर होतात. मोठ्या कामात त्या हजारोंनी असतात. एका यंत्रावर चालवल्या तर दिवस जाईल, म्हणून त्या दूरच्या अनेक यंत्रांवर वाटून देतात. कधी निराळ्या प्रकारच्या यंत्रावर आज्ञावली चालते की नाही, हेच पाहायचे असते. आणि मग या व्यवसायातले ते सुप्रसिद्ध वाक्य ऐकू येते : 'माझ्या यंत्रावर तर चालते!' हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. आज्ञावली बदललेली नसते. तिने मुकाट्याने गृहीत धरलेला परिवेश बदललेला असतो.

आमच्या शब्दसूचीचे उदाहरण मी जरा विस्ताराने देतो, कारण त्यात मराठीचे स्वत्वच पणाला लागले होते.

मराठी वर्णमालेत 'ळ' कोठे येतो? आपण मुलांना शिकवतो : य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. म्हणजे 'ळ' हा 'ह'नंतर. परंतु संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत देवनागरीचा 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढचा क्रमांक घेऊन बसला आहे. 'व' त्याच्याही पुढे. तेथे देवनागरी ही अनेक भाषांची लिपी म्हणून मांडलेली आहे, त्यामुळे क्रमांकांना मराठी वर्णक्रमाचे बंधन नाही. यातून काय होते ते पाहा. बलवंत, बस, बहर, बळ हा मराठी कोशाचा क्रम. केवळ क्रमांकांनी लावला तर क्रम होतो बलवंत, बळ, बस, बहर. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे हाल तर याहून अधिक. ती जोडाक्षरे असल्यामुळे यंत्र 'क्षमा' हा शब्द 'क'च्या शब्दांत आणि 'ज्ञान' हा शब्द 'ज'च्या शब्दांत नेऊन ठेवते, आणि कोशाच्या शेवटी त्यांना शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. मोल्सवर्थपासून चालत आलेल्या कोशपरंपरांचे आपसांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याने त्याने आपला क्रम विचारपूर्वक निवडला होता. येथे निवड कोणीच केलेली नसते.

युनिकोडच्याच भाषाविषयक माहितीसंग्रहात मराठीसाठी 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष', मग 'ज्ञ' असा क्रम नोंदलेला आहे. आज्ञावलीने तो वापरायचा की नाही, हे ती कशावरून ठरवते? निराळे सांगितले नसेल तर परिवेशावरून. 'लँग' या चलाचे मूल्य मराठी असेल तर मराठी क्रम. ते मूल्यच नसेल तर यंत्र आपल्या मूळ स्वभावावर जाते आणि क्रमांकांनी शब्द लावते. सूची करणाऱ्यांच्या यंत्रांवर मराठी मूल्य होते आणि चाचणी उत्तीर्ण होत होती. दूरच्या यंत्रावर ते नव्हते. चाचणी अनुत्तीर्ण झाली. पण याहून धोक्याची गोष्ट उलट बाजूने संभवते. चाचणी लिहिणाऱ्यानेच अपेक्षित क्रम चुकीचा लिहिला असता, तर दूरच्या यंत्रावर ती सुखेनैव उत्तीर्ण झाली असती, आणि 'बस'च्या आधी 'बळ' छापून मोकळे झाले असते.

कालविभागाचेही असेच. एखाद्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख १५ जून आहे आणि आज्ञावलीने ती '१५ जून, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे' अशी भारतीय वेळेत साठवली आहे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. दूरचे यंत्र प्रमाणवेळेवर चालत असेल, तर त्याच्या दृष्टीने तो क्षण १४ जूनच्या संध्याकाळचे साडेसहा. दाखल्यावर तारीख छापली जाते १४ जून. मुलाचा जन्म एक दिवस अलीकडे आणणारी ही चूक इंदुरात बसून दिसणारच नाही, कारण इंदूरचे यंत्र भारतीय वेळेतच लिहिते आणि वाचते.

यावर पहिला उपाय कोणालाही सुचेल : आपल्याकडचा सारा परिवेश गठडी बांधून तिकडे पाठवून द्यावा. तो तिन्ही अंगांनी घातक आहे.

पहिले अंग साधे आहे. 'होम' आणि 'पाथ' यांची मूल्ये म्हणजे आपल्या घरातल्या जागांचे पत्ते. ते पत्ते दूरच्या घरात लागू नाहीत. 'कोपऱ्यातल्या फडताळातून आण' हा निरोप दुसऱ्या गावी गेला, तर तेथे एक तर फडताळ नसते, किंवा असते आणि त्यात भलतेच काही असते.

दुसरे अंग सुरक्षेचे. दूरस्थ यंत्राशी जोडणी करणाऱ्या टेलनेट या जुन्या व्यवस्थेत पाहुण्याला आपली परिवेशचले बरोबर आणण्याची मुभा होती. काही चलांमध्ये असे सामर्थ्य असते की, आज्ञावलीने आपली सहायक ग्रंथालये कोठून उचलावीत, हे ती ठरवतात. पाहुण्याने आधी एक खोटे ग्रंथालय त्या यंत्रावर कोठेतरी पोहोचवावे, मग जोडणी करताना त्याचा पत्ता परिवेशातून द्यावा, की दारावरची ओळख तपासणारी आज्ञावलीच ते खोटे ग्रंथालय उचलून त्याला आत घेई. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्ट समन्वय केंद्राला याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. पुढे २४ सप्टेंबर २०१४ रोजी 'शेलशॉक' नावाने गाजलेला दोष उघड झाला; तो स्तेफान शाझेला यांनी शोधला. बॅश नावाची आज्ञापालक आज्ञावली परिवेशचलाच्या मूल्यात लिहिलेली एका विशिष्ट घडणीची ओळ वाचताना तिच्या शेपटाला जोडलेली आज्ञाही पाळून टाकीत असे. दोष १९८९ पासून तेथे होता. पंचवीस वर्षे तो कोणाच्या नजरेस आला नाही, कारण परिवेशाकडे संशयाने पाहण्याची सवयच नव्हती.

म्हणून आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या जोडणी-व्यवस्थेत परिवेश पाठवण्याला दोघांची संमती लागते. पाठवणाऱ्याने 'सेंड-एन्व्ह' या सूचनेखाली नावे लिहायची, घेणाऱ्याने 'अ‍ॅक्सेप्ट-एन्व्ह'खाली. दोन्ही याद्यांत असलेलेच नाव पलीकडे जाते. मूळ व्यवस्थेत घेणाऱ्याची यादी कोरी असते. या दोन सूचना २००४ साली आल्या. २०१८ मध्ये 'सेट-एन्व्ह' आले, ज्याने नाव आणि मूल्य दोन्ही स्पष्ट लिहून देता येतात. डेबियनसारख्या काही वितरणांत मात्र 'लँग' आणि 'एलसी' या अक्षरांनी सुरू होणारी भाषाविषयक नावे दोन्हीकडे आधीच लिहून ठेवलेली असतात, म्हणजे परक्या यंत्रावरही माणसाला आपल्या भाषेचे संदेश मिळावेत. हेतू उत्तम. त्याचा गैरफायदाही तितकाच चतुर : ज्यांना दुसरेच काही पाठवायचे असते, ते त्या चलाचे नाव मुद्दाम 'एलसी'ने सुरू करतात. भाषेच्या नावावर दुसराच माल पलीकडे नेण्याची विद्या संगणकातही आहे, हे पाहून मला गंमत वाटली.

यादीच्या भानगडीत न पडता आज्ञेच्या ओळीतच मूल्य लिहून पाठवता येते, आणि पुष्कळ जण तेच करतात. येथे व्याकरणाच्या अभ्यासकाला रस वाटावा असा एक मुद्दा आहे. आज्ञेत चलाचे नाव डॉलरच्या चिन्हाने लिहिले, की त्या जागी मूल्य भरले जाते. पण कोणी भरायचे, इकडच्या यंत्राने की तिकडच्या? ते अवतरणचिन्हांवर ठरते. पाठवायची आज्ञा दुहेरी अवतरणचिन्हांत असेल तर इकडचे यंत्र आधीच मूल्य भरते आणि भरलेला मजकूर पाठवते. एकेरी चिन्हांत असेल तर ते त्याला हात लावीत नाही. नाव तसेच जाते आणि तिकडचे यंत्र स्वतःजवळचे मूल्य भरते. आपल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथनाचाच हा भेद. इंदूरचा माणूस पुण्यास निरोप देतो, 'मी इथे उद्या थांबतो.' निरोप्याने तो शब्दशः पुण्यात उच्चारला तर 'इथे' म्हणजे पुणे होते. जाणत्या निरोप्याने 'ते इंदुरात थांबणार आहेत' असे सांगितले पाहिजे. म्हणजे इकडचे मूल्य इकडेच भरून न्यायचे. आणि मूल्यात मोकळी जागा असेल तर आणखी एक पंचाईत : पलीकडचे यंत्र मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचते आणि त्या जागेवर त्याचे दोन तुकडे करते. इकडे एकदा घातलेले संरक्षण तिकडे उरत नाही; ते मजकुराच्या आतही घालावे लागते.

तिसरे अंग गुपितांचे, आणि मला ते सर्वांत गंभीर वाटते. ढगावरच्या सेवांची आज्ञावली-जगात जी रीत पडली, तिच्यात परवलीचे शब्द आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता परिवेशात ठेवावेत, असा दंडक आहे. हेरोकू या सेवेच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांत तो ठळकपणे आहे. मजकुरात लिहिण्यापेक्षा हे बरेच म्हणायचे. परंतु वारशाचा नियम विसरता येत नाही : जो जो अपत्य म्हणून जन्मेल त्या प्रत्येकाला सारी गुपिते वाटली जातात. दूरच्या चाचणीत बाहेरून आणलेली एखादी सहायक आज्ञावली चालली, तर तिलाही. २०२१ साली नेमके हेच घडले. चाचण्यांनी आज्ञावलीचा किती भाग तपासला, हे मोजणाऱ्या कोडकोव्ह या सेवेची एक लहानशी आज्ञावली असंख्य लोक आपल्या दूरस्थ चाचण्यांत चालवीत. ३१ जानेवारी २०२१ पासून कोणीतरी तिच्यात गुपचूप फेरफार करून ठेवला होता; ज्या यंत्रावर ती चाले, त्याचा सारा परिवेश ती परक्या पत्त्यावर पाठवून देई. १ एप्रिलला हे लक्षात आले, १५ एप्रिलला जाहीर झाले. गिटहबवरील स्वयंचलित चाचण्यांत परक्या प्रतीवरून आलेल्या सुधारणेच्या चाचणीला मूळ प्रकल्पाची गुपिते देत नाहीत, ते याच भयामुळे. आणि त्यापायी प्रामाणिक योगदात्याच्या काही चाचण्या अडतात, ही किंमत मोजावी लागते.

तेव्हा परिवेश निवडून पाठवायचा. ही निवड सर्वांत काटेकोरपणे मांडलेली मला बेझल या साधनात आढळली. गूगलने ते २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात चाचणीला मुळात जवळजवळ कोरा परिवेश मिळतो : भाषेची चले काढून टाकलेली, कालविभाग प्रमाणवेळेचा. आणखी काही हवे असेल तर 'टेस्ट-एन्व्ह' या पर्यायाने सांगायचे. केवळ नाव सांगितले तर मूल्य चाचणी चालवणाऱ्याच्या परिवेशातून घेतले जाते. नाव आणि मूल्य दोन्ही सांगितली तर ते मूल्य सर्वांसाठी पक्के. डॉकरमध्येही असे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार सोपा वाटतो, पण मला दुसरा अधिक भरवशाचा वाटतो. पहिल्यात चाचणीचा निकाल ती कोणी चालवली यावर अवलंबून राहतो. शिवाय बेझल एकदा मिळालेला निकाल साठवते आणि काहीच बदलले नसेल तर चाचणी पुन्हा न घेता तोच दाखवते. परिवेशाची पाठवलेली मूल्येही त्या 'काहीच'मध्ये मोडतात. वापरणाऱ्याचे नाव उगीचच पाठवले, तर एकाचा निकाल दुसऱ्याच्या कामी येत नाही आणि हजारो चाचण्या नव्याने चालतात.

शब्दसूचीच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. 'लँग' पाठवावे की नको? माझे मत असे पडले की, येथे ते पाठवणे हा उपाय नव्हेच. मराठी कोशाचा मराठी क्रम ही त्या कोशाची परिस्थिती नाही, ते त्याचे अंतरंग आहे. ग्वाल्हेरच्या किंवा बडोद्याच्या वाचकाने आपल्या यंत्रावर हिंदी किंवा गुजराती निवडली म्हणून मराठी शब्दसूचीतला 'ळ' जागा सोडून जाता कामा नये. म्हणून मराठी क्रम आज्ञावलीच्या मजकुरातच लिहिला गेला. पडद्यावरच्या सूचना कोणत्या भाषेत याव्यात, हे मात्र वाचकाच्या परिवेशावर सोडले, आणि त्यापुरती चाचणी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन मूल्यांनी तीनदा चालवायची, असे ठरले. दूरच्या यंत्राला देण्याजोगी मूल्ये अखेर तीनच उरली : सूचनांची भाषा, कालविभाग आणि चाचणीच्या माहितीचा पत्ता. ती एका फायलीत लिहून आज्ञावलीबरोबरच ठेवली. परवलीचा शब्द त्यांत नाही; चाचणीसाठी निराळी, कोणाचेही नुकसान न होणारी माहिती वापरली जाते.

एक बारकावा शेवटी राहिला. मूल्य कोरे असणे आणि चल मुळीच नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'मुलगा आला' यातील 'मुलगा'ला प्रथमेचा प्रत्यय दिसत नाही, तरी विभक्ती आहेच, असे आपण म्हणतो. तेथे शून्य प्रत्यय आहे. तसे कोरे मूल्य हेही मूल्यच. दूरच्या यंत्रावर पोहोचायला विसरलेले चल पुष्कळदा कोऱ्यासारखे वागवले जाते, आणि माहितीचा पत्ता कोरा समजून चाचणी भलत्याच कप्प्यात जाऊन वाचू लागते. यासाठी शेलमध्ये नावापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्ह लिहिण्याची सोय आहे : मूल्य कोरे असो वा चल अनुपस्थित असो, काम तेथेच थांबते आणि कोणते नाव आले नाही ते पडद्यावर उमटते. आमच्या फायलीतील तिन्ही नावांची तपासणी आता पहिली चाचणी सुरू होण्यापूर्वीच अशी केली जाते.